पुण्णाला विचारलेले प्रश्न : शिक्षक म्हणून मालदीवला जाताना

आपल्या निवासी विद्यालयातून बाहेर पडून डी.एड., बी.एड. झालेले अनेक विद्यार्थी अलीकडे एकच प्रश्न घेऊन येतात : "मालदीवमध्ये शिक्षकांच्या जागा निघाल्या आहेत म्हणतात. जावे काय?" आम्ही याच वसतिगृहात वाढलो, आणि आमच्यापैकी काहींनी त्या बेटांवर काही वर्षे अध्यापन केले. म्हणून हा प्रश्न आमच्याकडे येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. जाणाऱ्याने स्वतःला कोणते प्रश्न विचारावेत, एवढे मात्र सांगता येते. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रश्न विचारण्याची ही रीत आमची नाही. मज्झिम निकायात पुण्णोवाद सुत्त आहे. स्थविर पुण्ण भगवंतांकडे येऊन आपण सुनापरांत देशी जाऊन राहणार असल्याचे सांगतात. भगवंत त्यांना लगेच आशीर्वाद देत नाहीत, रोखतही नाहीत. ते प्रश्न विचारतात. तेथील लोक उग्र आहेत, त्यांनी तुला शिवीगाळ केली तर तुला काय वाटेल? हाताने मारले तर? ढेकळांनी, काठीने, शस्त्राने मारले तर? प्राणच घेतले तर? प्रत्येक प्रश्न आधीच्याहून कठीण होत जातो आणि पुण्ण प्रत्येकाला शांतपणे उत्तर देतात. शेवटच्या उत्तरानंतरच, एवढा संयम असेल तर तू तेथे राहू शकशील, असे भगवंत म्हणतात. हा सुनापरांत म्हणजे आपला अपरांत, म्हणजेच कोकण, असे परंपरा मानते. जवळच्या सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकलला. परक्या मुलखात शिकवावयास जाणाऱ्या माणसाची ही मुलाखत आपल्या भूमीशी अशी जोडलेली आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मालदीवचे लोक उग्र नाहीत. ते मृदुभाषी आणि शिक्षकाला मान देणारे आहेत, असाच आमचा अनुभव आहे. आम्हांला त्या सुत्तातून घ्यावयाची आहे ती पद्धत. वाईटात वाईट काय घडू शकते, हे निघण्यापूर्वी स्वतःला विचारावे आणि प्रामाणिक उत्तर सापडल्यावरच बॅग भरावी.

देश आणि शाळा

मालदीव हा हिंदी महासागरातील सुमारे १,२०० प्रवाळबेटांचा देश आहे. त्यांपैकी सुमारे २०० बेटांवरच वस्ती आहे आणि लोकसंख्या सुमारे ५ लाख आहे. त्यातील मोठा हिस्सा एकट्या माले या राजधानीत राहतो. उरलेली बेटे लहान; कित्येक तर अर्ध्या तासात पायी ओलांडता येतात. जाहिरातींत दिसणारी आलिशान विश्रामधामे वेगळ्या बेटांवर असतात. शिक्षकाची नेमणूक होते ती मच्छीमार, बोटचालक आणि लहान नोकरदारांच्या बेटावर. कोठली नेमणूक मिळाली, मालेची की दूरच्या अटोलमधील, यावर तुमचे पुढील सारे आयुष्य अवलंबून राहील. हा पहिला प्रश्न.

तेथे भारतीय शिक्षक कसे पोहोचले, हेही जाणून घ्यावे. १९६० च्या दशकाच्या आरंभी मालदीवने इंग्रजी माध्यमाचे शिक्षण सुरू केले. देशात तेवढे शिक्षक नव्हते, म्हणून ते आधी श्रीलंकेतून आणि पुढे मोठ्या संख्येने भारतातून, विशेषतः केरळ व तमिळनाडूतून, आले. आजही माध्यमिक वर्गांत गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकविणारे अनेक जण भारतीय असतात. दहावीच्या शेवटी विद्यार्थी 'ओ लेव्हल' दर्जाची आंतरराष्ट्रीय परीक्षा देतात. तिच्या प्रश्नपत्रिका आपल्या बोर्डाहून वेगळ्या धाटणीच्या असतात. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा आकृती, तक्ता वा उतारा वाचून विचार मांडण्यावर त्यांचा भर असतो. आपण जसे शिकलो तसेच शिकवू, या भरवशावर जाणारा शिक्षक पहिल्या सहामाहीतच अडचणीत येतो. जाण्यापूर्वी मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका स्वतः सोडवून पाहाव्यात.

लहान बेटावरील शाळेत संपूर्ण पटसंख्या शंभराच्या आतही असू शकते. तेव्हा एकाच शिक्षकाला अनेक इयत्ता घ्याव्या लागतात आणि दुपारनंतरचे उपक्रमही सांभाळावे लागतात. मुले घरी दिवेही बोलतात व इंग्रजी शाळेतच शिकतात. त्यामुळे विज्ञान शिकविणारा प्रत्येक शिक्षक तेथे प्रत्यक्षात इंग्रजीचाही शिक्षक असतो. आपल्याकडे गावातून आलेले मूल इंग्रजी वर्गात कसे गप्प बसते, ते आम्ही स्वतः अनुभवले होते. तो अनुभव तेथे आमची सर्वांत मोठी शिदोरी ठरला. गप्प मूल मठ्ठ नसते, हे आम्हांला कोणी सांगावे लागले नाही.

शिस्तीविषयी एकच सांगतो. मुलावर हात उगारण्याचा विचारही सोबत नेऊ नये. आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे. तेथे अशी एक तक्रार नोकरी संपवू शकते.

करार, कागद आणि पैसा

पुण्ण स्वतःच्या निश्चयाने गेले होते, वेतनासाठी नव्हे. शिक्षक मात्र कराराने जातो. म्हणून पुण्णांची सहनशीलता करारभंग सोसण्यासाठी वापरू नये. अपशब्द सोसणे हा गुण असू शकतो; आपल्या कष्टाचा पगार बुडू देणे हा गुण नव्हे. हा फरक आपल्या समाजाला वेगळा शिकविण्याची गरज नसावी, तरी परदेशी नोकरीच्या मोहात तो विसरला जातो.

आमच्यापैकी एकाने प्रथम एका एजंटामार्फत प्रयत्न केला. आईचे दागिने गहाण ठेवून पैसे भरले. हाती आलेल्या कागदावर शाळेचे नाव नव्हते, बेटाचे नव्हते, विषयही नव्हता. विचारणा केल्यावर "पोहोचल्यावर सर्व कळेल" एवढेच उत्तर मिळे. पुढे ते पैसेही आले नाहीत आणि नोकरीही. म्हणून सांगतो : १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटाशीच व्यवहार करावा. त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर स्वतः तपासावा. नियमानुसार असा एजंट उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेऊ शकत नाही. जो रोख मागतो आणि पावती देत नाही, त्याच्याकडून उठून यावे. मालदीवचे शिक्षण मंत्रालय स्वतःही परदेशी शिक्षकांची भरती करते. तो मार्ग आधी पाहावा.

कागदपत्रांना वेळ लागतो. पदवी व बी.एड.ची प्रमाणपत्रे आधी राज्य शासनाकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून घ्यावी लागतात. पासपोर्ट कार्यालयाचे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट व वैद्यकीय तपासणीही लागते. सर्व प्रमाणपत्रांवरील नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळते आहे काय, ते पाहावे. आपल्यातील अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि पुढील कागदांवर दुसरे असते. विवाहित भगिनींच्या बाबतीत तर हे हमखास होते. ही दुरुस्ती राजपत्रात नाव प्रसिद्ध करून वेळेवर करून घ्यावी. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे; तो कोणत्याही मालकाने अडकवून ठेवावा हे योग्य नाही. त्याची प्रत घरीही ठेवून जावी.

पगाराचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. तो कोणत्या चलनात आहे ते आधी पाहावे. तेथील चलन रुफिया. अधिकृत दराने एका अमेरिकी डॉलरला सुमारे १५.४२ रुफिया पडतात. परंतु त्या दराने हवे तेवढे डॉलर मिळतीलच असे नाही. त्या देशात डॉलरची टंचाई वारंवार जाणवते आणि परदेशी कर्मचाऱ्याला बँकेतून दरमहा किती डॉलर घरी पाठविता येतील, यावर मर्यादा घातल्या जातात. त्या मर्यादा बदलतही असतात. आमच्यापैकी एकाच्या हाती पगार होता, पण घरच्या कर्जाचा हप्ता भरण्याइतके डॉलर त्या महिन्यात पाठविता येत नव्हते. तेव्हा ज्यांच्यावर मोठे कर्ज आहे त्यांनी निघण्यापूर्वी तेथे काम करणाऱ्या शिक्षकाला विचारावे : "गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्षात किती रक्कम घरी पोहोचली?" पगार किती हे विचारण्यापेक्षा हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. हुंडीसारख्या बेकायदा मार्गाला मात्र स्पर्श करू नये.

राहण्याची खोली कोण देणार, वीज-पाण्याचे बिल कोणी भरावयाचे, वार्षिक तिकीट मिळणार काय, मध्येच नोकरी सोडल्यास काय भरपाई द्यावी लागेल, आजारपणाचा विमा आहे काय, ही कलमे करारात शोधावीत. तोंडी आश्वासन समुद्र ओलांडून येत नाही.

बेटावरचे दिवस

तेथे शुक्रवार व शनिवार सुट्टी असते आणि रविवारी शाळा भरते. ही बाब किरकोळ वाटते. परंतु लहानपणापासून रविवारची वंदना ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला तिची टोचणी पहिल्याच आठवड्यात लागते. मालेचे घड्याळ भारतापेक्षा अर्धा तास मागे आहे. एवढ्या जवळच्या देशात माणसाला इतके एकाकी वाटू शकते, याचे आम्हांला नवल वाटे.

जेवणात टुना मासा मुख्य. गरुधिया नावाचे माशाचे पातळ सार, किसलेले खोबरे व मासा एकत्र करून केलेली मास-हुनी आणि रोशी ही चपाती, हा नित्याचा आहार. भाजीपाला बोटीने येतो. बोट चुकली की दुकानातील टोपली रिकामी. शाकाहारी व्यक्तीने डाळी, कडधान्ये आणि स्वयंपाक करण्याची तयारी सोबत न्यावी. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र खवळतो व बोटी बंद राहतात. आजार बळावला तर अटोलच्या रुग्णालयात किंवा मालेला जावे लागते. मालेतील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय भारताच्या साहाय्याने उभे राहिले आहे. दीर्घकालीन आजार असणाऱ्याने नियमित औषधांचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

रमजानच्या महिन्यात दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणे-पिणे चालत नाही. अंगभर व साधा पोशाख अपेक्षित असतो. वस्तीच्या बेटांवर दारूला बंदी आहे. पंचशीलातील पाचवे शील तेथे कायदाच पाळून घेतो, असे आम्ही आपसांत गमतीने म्हणत असू.

बुद्धमूर्ती सोबत नसताना

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो.

मालदीवच्या २००८ च्या राज्यघटनेनुसार बिगर-मुस्लिम व्यक्तीला तेथील नागरिकत्व मिळत नाही. अन्य धर्माचा प्रचार कायद्याने निषिद्ध आहे आणि पूजेच्या मूर्ती देशात नेण्यास मनाई आहे. परदेशी व्यक्ती आपली उपासना खोलीच्या आत, खासगी रीतीने करू शकते. म्हणजे विहार नाही, १४ एप्रिलची मिरवणूक नाही, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सभा नाही, भिंतीवर तथागतांची तसबीर नाही. निघण्याच्या आदल्या रात्री आमच्यापैकी एकाच्या आईने कपड्यांच्या घडीत पितळी बुद्धमूर्ती ठेवली होती. ती काढून परत तिच्या हातात देताना काय वाटले, ते शब्दांत सांगता येणार नाही.

ज्या समाजाने 'आम्ही बौद्ध आहोत' हे उघडपणे म्हणता यावे म्हणून एवढा संघर्ष केला, त्यातील मुलाने पगारासाठी ती ओळख पेटीत बंद करावी काय? हा प्रश्न आम्हांला वडीलधाऱ्यांनी विचारला आणि तो रास्त होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून परतून बडोद्यास रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते पथिकाश्रमात राहिले आणि ओळख उघड होताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ही हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. खोट्या नावाने मिळालेला निवारा किती काळ टिकतो, हे त्यातून आम्ही शिकलो.

म्हणून आम्ही स्वतःसाठी एक रेषा आखली. यजमान देशाच्या कायद्यानुसार उपासना खासगी ठेवणे वेगळे आणि आपण जे नाही ते आहोत असे सांगणे वेगळे. पहिले आम्ही स्वीकारले, दुसरे कधी केले नाही. अर्जात धर्म विचारला तेथे 'बौद्ध' लिहिले. सहकाऱ्यांनी विचारले तेव्हा तेच सांगितले आणि चर्चा लांबविली नाही. वर्गात धर्माचा विषय काढला नाही; तो आमचा अधिकारही नव्हता. पहाटे खोलीत मनातल्या मनात त्रिसरण-पंचशील म्हटले. मूर्ती नसली तरी शील पाळता येते, हे लहानपणी ऐकले होते. तेथे ते आचरणात पारखून घ्यावे लागले. ही रेषा सर्वांना मानवेल असा आमचा आग्रह नाही. ज्याला ती अपमानास्पद वाटते त्याने जाऊ नये. त्याचा निर्णयही तितकाच सन्माननीय आहे.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. तेथील मुलांनी वा पालकांनी आम्हांला आडनावावरून कधी जोखले नाही. त्यांना त्याचा अर्थच ठाऊक नव्हता. ती मोकळीक फार मोलाची होती. परंतु शिक्षकांच्या निवासात पहिल्याच संध्याकाळी एका देशबांधवाने आडनाव विचारले, मग गाव विचारले आणि मग पाण्याची बाटली वेगळी ठेवली. जात पासपोर्टवर छापलेली नसते, तरी ती विमानात बसते. याला तयार राहावे. उत्तर द्यावे ते आपल्या कामाने आणि ताठ मानेने.

आणि एक गोष्ट आनंदाची. पहिलीच्या वर्गातून एके दिवशी अंक म्हणण्याचा आवाज आला : एकेः, देः, तिनेः, हतरेः, फहेः, हयेः, हतेः, अशेः, नुवएः, दिहएः. विद्यालयात पाली शिकलेले आमचे कान टवकारले. एक, द्वे, तीणि, चत्तारि, पञ्च, छ, सत्त, अट्ठ, नव, दस! दिवेही ही सिंहलीची जवळची बहीण, आपल्या प्राकृतांच्याच कुळातील भाषा. पाण्याला 'फेन', पायाला 'फई', माशाला 'मास', राज्याला 'राज्जे'. इस्लामचा स्वीकार होण्यापूर्वी, म्हणजे परंपरेनुसार ११५३ पूर्वी, ही बेटे अनेक शतके बौद्ध होती. लामू अटोलमधील गन बेटावरील स्तूपाचे अवशेष एच. सी. पी. बेल यांनी १९२२ साली अभ्यासले. काशिधू बेटावरील बौद्ध विहाराचे उत्खनन १९९० च्या दशकात झाले. मालेच्या राष्ट्रीय संग्रहालयातील प्राचीन शिल्पे मात्र ७ फेब्रुवारी २०१२ रोजी जमावाने फोडली. आमच्यापैकी एकाने सुट्टीच्या दिवशी गन बेटावरील तो ढिगारा पाहिला. लोक त्याला 'हवित्ता' म्हणतात. प्रवाळाचे दगड, वर वाढलेली झुडपे. तेथे हात जोडले नाहीत. थोडा वेळ शांत उभे राहून परत फिरला. मूर्ती घरी ठेवून निघालेला तो माणूस ज्या भूमीवर उभा होता, तेथे कधीकाळी भिक्खू चालले होते.

घर आणि परतणे

पालकांना एक विनंती. मुलगा वा मुलगी परदेशी गेली की घराच्या अपेक्षा एकदम वाढतात : बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब, काकांचे कर्ज. पहिल्या वर्षी तरी यादी लहान ठेवावी. फोनवर "पैसे कधी?" याच्या आधी "जेवलास काय?" हे विचारावे.

जाणाऱ्यांनीही परतीचा विचार आधीच करावा. करार बहुधा एका-दोन वर्षांचे असतात व नूतनीकरण होईलच याची शाश्वती नसते. स्थानिक शिक्षक तयार होत आहेत, आणि ते इष्टच आहे. म्हणून तेथील अनुभव प्रमाणपत्रे जपावीत, शिक्षण चालू ठेवावे आणि आपल्याकडील पात्रता परीक्षांकडे पाठ फिरवू नये. बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, करारावर सही करून, अमेरिकेस गेले होते. तेथे मिळविले ते त्यांनी परत आणून समाजाला दिले. आपले मोजमाप लहान असेल. दिशा तीच असावी.

निघण्यापूर्वी स्वतःला विचारावयाचे प्रश्न

१. माझ्या करारावर शाळा, बेट, विषय, पगार आणि चलन स्पष्ट लिहिलेले आहे काय?
२. एजंटाला दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती माझ्याजवळ आहे काय?
३. पगार तीन महिने घरी पोहोचला नाही, तर घर कसे चालेल?
४. मी ज्या परीक्षेसाठी शिकविणार, तिची प्रश्नपत्रिका मला सोडविता येते काय?
५. बोटी बंद असताना आजारी पडलो, तर काय करीन?
६. विहाराशिवाय, मूर्तीशिवाय, रविवारशिवाय माझे शील माझ्याजवळ राहील काय?
७. कोणी माझी ओळख विचारली, तर मी खरे सांगेन काय?
८. उद्या परत यावे लागले, तर मी काय घेऊन येईन?

पुण्णांनी एकाच वर्षावासात सुनापरांतात पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात स्थिर केल्या, असे सुत्त सांगते. आपण धम्मप्रचारासाठी जात नाही; गणित, विज्ञान, इंग्रजी शिकविण्यासाठी जातो. परंतु ज्या वर्गात भारतातून आलेली शिक्षिका गप्प मुलाजवळ जाऊन बसते, त्याचे चुकलेले उदाहरण न रागावता पुन्हा सोडवून दाखविते, तेथे या विद्यालयाने तिला दिलेले संस्कार पोहोचलेले असतात. वरील आठ प्रश्नांची उत्तरे ज्यांना सापडली असतील, त्यांनी निःशंक निघावे. ज्यांना सापडली नाहीत, त्यांनी आमच्याशी येऊन बोलावे. विद्यालयाच्या वर्धापनदिनी आम्ही येथेच असतो.